गुळण्यांच्या आधी

दत्ताराम बुवांची सकाळ मोरीत सुरू व्हायची. पाच वाजले की त्यांची बायको कमल तांब्यात मिठाचं कोमट पाणी ठेवायची आणि बुवा गळ्याभोवती टॉवेल घेऊन मोरीच्या कट्ट्यावर उकिडवे बसायचे. चार गुळण्या, मग छातीच्या तळापासून खाकरणं, पुन्हा दोन गुळण्या. रात्रभर आत जे काही साचलं असेल ते सगळं मोरीतून वाहून गेलं, वर तांब्याभर पाणी ओतून झालं, की ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली जायची आणि पेटीचा भाता हलायचा. लालबागच्या हरी गोविंद चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची बिऱ्हाडं या खाकरण्यावर उठत. "बुवा सुरू झाले, हंडे काढा, नळ येईल," असं बायका म्हणत.

हा नेम चाळीस वर्षांचा. बुवांच्या गुरूंनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं की घसा साफ केल्याशिवाय देवासमोर तोंड उघडायचं नाही, आणि माणसांसमोर तर नाहीच नाही. गिरणी गेली, नंतरचं छापखान्यातलं कामही संपलं, डबलबारीच्या भजनसामन्यांचे दिवस मागे पडले, पण गुळण्या कधी चुकल्या नाहीत.

आता बुवांचं वय अडुसष्ट. संध्याकाळी सहा ते साडेसात ते चाळीतल्या मुलांना भजन शिकवत. दहा बाय बाराच्या खोलीत अकरा मुलं, एक पेटी, एक पखवाज आणि टाळांच्या चार जोड्या. मुलांवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. एखाद्याचा ठेका चुकला तर ते त्याचा हात हातात धरत आणि त्याच्याच मांडीवर तो ठेका वाजवून दाखवत. दहा वेळा चुकला तर दहा वेळा.

पूर्वी हा क्लास दार-खिडकी उघडी टाकून चालायचा. मग मागच्या गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला, तिथल्या कुणाला तरी पखवाजाचा त्रास होऊ लागला. हवालदार दोनदा येऊन गेले, बिचारे अजिजीने बोलले. "बुवा, मला स्वतःला आवडतं हो. पण आवाज जरा आत ठेवा." बुवांनी आवाज आत ठेवला. दार लावून घेतलं आणि खिडकीला कमलने शिवलेली जाड गोधडी खिळ्यांनी ठोकली. आवाजाबरोबर खोलीत आणखी काय काय कोंडलं गेलं, ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बुवांना खोकला त्या वर्षीच्या श्रावणापासून होता. चाळीला त्यात नवल वाटलं नाही. गाणाऱ्याचा घसा, वापरला जाणारच. गणपतीत पाच रात्री जागून गायले, मग तर बसणारच. बुवा थोडे वाळले होते, पण त्यांनी रात्रीचा भात सोडला होता, त्यामुळे त्याचंही कारण तयार होतं.

आजारी पडली ती दर्शना.

दर्शना निलेशची मुलगी, वय नऊ, तिसऱ्या मजल्यावरची. अकरा जणांत सूर तिचाच. निलेश मोटारसायकलवरून पार्सलं पोचवायचा, तिची आई परळला एका दवाखान्यात साफसफाईला जायची, त्यामुळे दर्शना आजीजवळ, म्हणजे सुंदराबाईंजवळ, नाहीतर बुवांजवळ असे. दसऱ्याच्या आसपास तिला बारीक ताप येऊ लागला. जेवणावरची वासना गेली, शाळेचा फ्रॉक खांद्यावरून घसरू लागला. तीन आठवडे ताप उतरेना म्हणून मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे चार दिवस ठेवून घेतलं. परत आली ती गोळ्यांची पाकिटं घेऊनच. टीबी.

त्यानंतरच्या रविवारी नम्रता बुवांच्या दारात उभी राहिली. मागच्या बिल्डिंगमध्ये, जिच्या तळमजल्यावर बुद्धविहार आहे, तिथे ती राहायची. तिचे आजोबा कोंडीराम बुवांच्याच गिरणीत, बुवांच्याच खात्यात होते. नम्रताला एकोणिसाव्या वर्षी टीबी झाला, तोही औषधाला दाद न देणारा. दोन वर्षं इंजेक्शनं आणि गोळ्या. ती बरी झाली, पण त्या इंजेक्शनांत डावा कान गेला. कुणी बोलू लागलं की ती मान वळवून उजवा कान पुढे करी. आता नोकरी सांभाळून ती आजूबाजूच्या चाळींतल्या पेशंटांना गोळ्या वेळेवर मिळतात की नाही, घेतात की नाही, हे बघायची.

"बुवा, येऊ का?"

"ये की. कोंडीरामाची नात दारात उभी राहून विचारते होय?"

ती उंबऱ्याशीच टेकली. "दर्शनाबद्दल बोलायचं होतं. लहान पोरांकडून हा आजार सहसा दुसऱ्याला लागत नाही बुवा. पण पोराला तो लागलेला असतो कुणातरी मोठ्या माणसाकडून. त्या माणसाला कित्येकदा माहीतही नसतं. निलेशदादाच्या घरातले सगळे तपासले, फोटोही काढले छातीचे. सगळे क्लियर. शाळेतल्या बाईंनाही काही नाही. मग मी विचारलं, पोरगी अजून कुठे तास-दीड तास बसते?"

बोलता बोलता तिची नजर खिडकीवरच्या गोधडीवर गेली.

"म्हणजे माझ्यावर संशय?" बुवा म्हणाले.

"संशय चोरावर घेतात. ही तपासणी आहे."

बुवा हसले खरे. त्यांचा थोरला भाऊ गंगाधर याच आजाराने गेला होता. त्याला शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात नेलं तेव्हा बुवा वीस वर्षांचे होते. नेण्याआधी दोन महिने गंगाधरचं ताट, तांब्या, वाटी मोरीच्या कोपऱ्यात वेगळी ठेवलेली असायची. आई त्याला वाढायची ती लांबून, हात ताणून. ते ताट बुवांना अजून दिसायचं.

नम्रताने पिशवीतून झाकणाची डबी काढली. "सकाळी उठल्यावर खोल खोकायचं आणि आतून येईल तो बेडका यात टाकायचा. नुसती थुंकी नको. आणि एक दिवस जाऊन एक्स-रेही काढून येऊ."

"पोरी, मला थुंकी आणि बेडक्यातला फरक शिकवतेस? चाळीस वर्षं घसा राखलाय मी. आधी रिपोर्ट येऊ दे, मग बघू तुझा एक्स-रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा नेहमीसारखे मोरीत बसले. चार गुळण्या, खाकरणं, दोन गुळण्या. तांब्याभर पाणी ओतलं. घसा लख्ख झाल्यावर त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, डबीचं झाकण उघडलं आणि खोकून खोकून जे काही निघालं ते तीत जमा केलं. पाण्यासारखं पातळ आणि स्वच्छ निघालं, हे बघून त्यांना बरंही वाटलं.

नम्रताने डबी उजेडात धरली. "बुवा, पातळ दिसतंय."

"आत काही नसेल तर कुठून आणू?"

तिने डबी पुन्हा हलवून बघितली. काहीतरी बोलणार होती. मग तिने डबी पिशवीत ठेवली.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात काही सापडलं नव्हतं. बुवांनी तो कागद संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या आयांना मोठ्याने वाचून दाखवला, मग भजनाच्या वहीत जपून ठेवला. "बघा हं, माझ्याकडून नाही," असं ते दोन-तीनदा म्हणाले. एक्स-रेची गोष्ट मागे पडली. नम्रता दोनदा आठवण करून गेली. सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा, त्या दिवशी मुलांची भजनाची पहिली बारी चौकात व्हायची होती. तालीम सोडून दवाखान्याच्या लायनीत कोण उभं राहणार?

बुवांकडून नाही, तर मग कुणाकडून? हा प्रश्न चाळीने आपला आपणच सोडवला. निलेशच्या घरची माणसं क्लियर आहेत असं नम्रता कितीही सांगो, लोकांनी मनाशी ठरवलं की त्या घरात काहीतरी आहे आणि ते झाकतात. तिसऱ्या मजल्यावरची मुलं निलेशच्या दारावरून जाताना नाकाला हात लावून पळू लागली. नळावर सुंदराबाई आल्या की त्यांच्या हंड्याच्या आजूबाजूला जागा मोकळी होई. आणि डिसेंबर लागता लागता पूजेची मीटिंग बसली, तेव्हा कमिटीचे बाबुराव घसा खाकरून म्हणाले, "यंदा प्रसादाचा शिरा बाहेरून आचाऱ्याकडून करून घेऊ. सुंदराबाईंचं वय झालं. त्यांना त्रास कशाला?"

एकवीस वर्षं पूजेचा शिरा सुंदराबाई करत आल्या होत्या. भलीमोठी कढई, सव्वा मापाने सगळं, आणि त्या शिऱ्याचा केळ्या-वेलचीचा वास तळमजल्यापासून वरपर्यंत. मीटिंगला त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. बुवांकडेही बघितलं. बुवांनी पूजेच्या पावतीपुस्तकाची पानं चाळली.

ते बघणं बुवांच्या मनातून जाईना. म्हणून चार दिवसांनी, दुपारच्या वेळी, ते टाळांची एक जोडी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. निलेश कामावर होता. सुंदराबाईंनी दार उघडलं आणि त्यांच्याकडे न बघता बसायला चटई टाकली.

दर्शना मात्र खुलली. तिचे गाल थोडे भरले होते. तिने टाळ घेतले, वाजवून बघितले आणि एका दमात सगळं सांगायला लागली. गोळ्या किती, त्यांनी शू केशरी कशी होते, हॉस्पिटलातल्या पलंगाला चाकं कशी होती.

"आणि बुवा, माझ्या नाकात नळी घातली होती. एवढी लांब! पार पोटापर्यंत."

"नळी कशाला गो?"

"मला बेडका काढताच येईना. लहान मुलांना नाही येत, ती गिळून टाकतात. म्हणून मग पोटातून काढतात. सकाळी उठायच्या आधीच आल्या त्या सिस्टर. मी बोलले, मला चूळ तरी भरू द्या. तर बोलल्या, नाय नाय, पाण्याचा घोट पण नाय. रात्रभर आत साचलेलं असतं ना, तेच आम्हाला पाहिजे. ते एकदा धुऊन गेलं की मग तपासून काय उपयोग?" तिने टाळ एकमेकांवर आपटले. "मी रडले नाही जास्त. थोडीच रडले."

बुवा तिच्याकडे बघत राहिले. रात्रभर साचलेलं. 

"बुवा, तुमचा पण नळीने काढला?"

"नाय गो," बुवा म्हणाले. "मी आपला आपणच दिला."

खाली येताना ते जिन्याच्या कठड्याला धरून थांबले. त्या दिवसाची सकाळ त्यांना जशीच्या तशी दिसली. चार गुळण्या, खाकरणं, दोन गुळण्या, वर तांब्याभर पाणी. आणि मग ती डबी. नम्रताला जे हवं होतं ते सगळं आधीच वाहून गेलं होतं. हे आता दोघांनाच ठाऊक होतं, बुवांना आणि मोरीला.

संध्याकाळी मुलं आली. बुवांनी दार अर्धंच उघडलं. "आज पाय दुखतोय रे. उद्या या." दुसऱ्या दिवशीही पाय दुखला. मुलं जिन्यात बसून तोंडानेच पखवाजाचे बोल म्हणत राहिली आणि बुवा आत पलंगावर बसून ऐकत राहिले. त्यांनी स्वतःला नाना परीने समजावलं. कदाचित खरंच काही नसेल. असलंच तरी पूजा झाल्यावर बघता येईल. क्लास तेवढा बंद ठेवावा, पायाचं कारण आहेच. कागद तर क्लियर आहे. कागदावर दवाखान्याचा शिक्का आहे. पण एवढ्यावर मन आलं की त्यांना जिन्यातली ती दहा तोंडं दिसत. त्या दहांपैकी अजून कुणाचा फ्रॉक, कुणाची चड्डी सैल झाली असेल तर? ते पायाच्या कारणाने कसं कळणार?

तिसऱ्या दिवशी सकाळच्या चहाच्या वेळी त्यांनी कमलला सगळं सांगितलं. ऐकताना ती तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला.

"गंगाभावजींचा ताट आठवला तुमका," ती म्हणाली.

बुवांनी कप खाली ठेवला.

"मी तुमचा ताट वेगळा करूचंय नाय. ता डोक्यातसून काढून टाका. आणि आता उठा, त्या चेडवाक, नम्रताक, जावन सांगा."

विहारात सकाळची वंदना आटोपली होती. नम्रता पायरीवर बसून कुणाची तरी पाकिटं पिशवीत भरत होती. बुवा चपला काढून चार हात लांब उभे राहिले. रुमाल तोंडावर धरून त्यांनी सांगायला सुरुवात केली, तेव्हा तिने उजवा कान पुढे केला.

"डबी गुळण्यांच्या आधी भरली होती की नंतर?" तिने विचारलं.

"नंतर. घसा साफ केल्याशिवाय मी कुणासमोर उभा राहत नाही पोरी. तुझ्या डबीसमोर तरी कसा राहणार?"

ती हसली नाही. हातातली पाकिटं तिने पिशवीत टाकली.

"चूक माझीपण आहे," ती म्हणाली. "पातळ दिसली होती मला. दुसरं कुणी असतं तर तिथल्या तिथे परत केली असती. म्हटलं, बुवा आहेत, मोठे आहेत, गाणाऱ्या माणसाला खोकायला काय शिकवायचं? लाजले. दीड महिना झाला त्याला."

दुसऱ्या दिवशी कमलने पाणी तापवलं नाही. बुवा डबी घेऊन गॅलरीच्या टोकाला गेले, जिथे आभाळ उघडं दिसतं आणि आसपास कुणी नसतं. त्यांनी खोल श्वास घेतला, छातीच्या तळापासून खोकले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. डबीत जे पडलं ते पिवळट आणि घट्ट होतं, आणि त्यात एक बारीक लाल धागा होता. बुवांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं, मग झाकण लावलं. त्या सकाळी पेटी उघडली नाही. चाळीत दोन घरं उशिरा उठली आणि त्यांचं पाणी गेलं.

यावेळी एक्स-रेही काढला. रिपोर्ट काय येणार ते बुवांना ठाऊक होतं, तोच आला. नम्रताने गोळ्या दिल्या, कमलला तपासून घेतलं. तिला काही नव्हतं. सहा महिने, एकही दिवस न चुकता. पहिले काही आठवडे माणसांपासून जरा लांब, मास्क लावून.

"मुलांचं आम्ही बघतो," ती म्हणाली. "सगळ्यांची तपासणी करू. ज्यांना काही नाही त्यांनाही पुढे होऊ नये म्हणून गोळ्या देतात. तुमचं नाव कुठेही येणार नाही. पेशंटचं नाव आम्ही सांगत नाही बुवा, नियमच आहे तसा."

"नियम चांगला आहे," बुवा म्हणाले. "पण मी माझा कागद चारचौघांत वाचून दाखवला होता. त्या कागदामुळे सुंदराबाईंची कढई बंद झाली. तू गुपचूप दहा पोरं तपासलीस तर लोक म्हणतील, बघा, त्या घरामुळे सगळ्या चाळीला त्रास. ते कोण निस्तरणार? मीच चौकात उभा राहून सांगतो."

"लोक तुम्हालाही सोडणार नाहीत."

"ठाऊक आहे."

तिने पिशवी खांद्याला लावली. म्हणाली, "आधी निलेशदादाकडे जा. चौकात त्याला कळायला नको."

निलेश नुकताच कामावरून आला होता. हेल्मेट हातातच होतं. बुवा मास्क लावून दारापासून लांब, गॅलरीच्या कठड्याला पाठ लावून उभे राहिले.

"बुवा? आत या ना. पाय बरा आहे का?"

"पायाला काही झालं नव्हतं. निलेश, दर्शनाला जे झालं ते माझ्याकडून झालं. मला टीबी आहे. पहिल्या वेळी मी डबी चुकीची दिली."

निलेशने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. आतून भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"कधी कळलं?"

"रिपोर्ट आज आला. मनाला आठ दिवसांपूर्वी कळलं."

"आणि मीटिंगला? आईचा शिरा काढून घेतला तेव्हा तुम्ही समोर होता ना?"

"होतो."

"तेव्हा तर माहीत नव्हतं तुम्हाला. तरी काय बोलला नाहीत."

"नाही बोललो."

"का?"

 पाठांतर न झालेल्या मुलासारखे बुवा मान खाली घालून उभे राहिले.

"नळी घालत होते ना, तेव्हा माझी पोरगी काय बोलली माहितीये?" निलेशचा आवाज चिरकला. "बोलली, पप्पा, याने आवाजाला काय होणार नाय ना, बुवा ओरडतील. तुम्ही आयुष्यात कधी ओरडला नाहीत तिच्यावर, तरी तिला तुमची काळजी. जा बुवा. आता जा तुम्ही. माझ्या तोंडातून काहीतरी जाईल."

बुवा गेले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. नळाची वेळ संपल्यावर, सगळे घरी असताना, ते चौकात मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी वर बघून हाक मारली. या चौकात त्यांनी रात्र रात्र गायलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या टोकाच्या खोलीपर्यंत शब्द पोचवायला त्यांना कधी कर्णा लागला नव्हता. आज आवाज फाटका होता, मास्कमुळे अर्धा आत राहत होता. तरी एकेक करून माणसं कठड्याशी आली.

त्यांनी सगळं सांगितलं. गुळण्यांचंसुद्धा. माझ्या खोलीत जी मुलं बसत होती त्या सगळ्यांना उद्या नम्रताकडे घेऊन जा, वाट बघू नका, असं सांगितलं. सुंदराबाईंच्या घरात कुणाला काही नव्हतं आणि नाही, हे दोनदा सांगितलं.

"अहो, तुमचा रिपोर्ट तर क्लियर होता!" पहिल्या मजल्यावरून अभयची आई ओरडली. अभय पखवाजावर बसायचा, बुवांच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून. "तुम्हीच वाचून दाखवलात!"

"रिपोर्ट खरा होता गं. डबीत मी खरं घातलं नव्हतं."

"हे असं चौकात सांगायची काय गरज होती बुवा?" बाबुराव म्हणाले. "आता पूजेला बाहेरचं कोण येणार?"

"बाहेरचं कोण येवो न येवो," बुवा म्हणाले, "पोरं तपासून घ्या."

अभयच्या आईने कठड्यावरचा अभयचा शर्ट ओढून घेतला आणि दार आपटून लावलं. बाकीचे हळूहळू पांगले. वर तिसऱ्या मजल्यावर निलेश उभा होता. आत गेला तो सगळ्यांत शेवटी.

दहा मुलं तपासली. नऊ जणांना काही नव्हतं, त्यांना पुढचा धोका टळावा म्हणून गोळ्या सुरू झाल्या. अभयच्या छातीच्या फोटोत डाग निघाला. फार लवकर सापडलं, नम्रता म्हणाली, अजून खोकलाही नव्हता त्याला, सहा महिन्यांत नीट होईल. बुवांनी ते ऐकलं आणि दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. लवकर सापडलं हे खरं होतं. दिलं कुणी, हेही खरं होतं. अभयची आई जिन्यात समोर आली की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. बुवा ती जाईपर्यंत खालच्या पायरीवर थांबायचे.

गोधडी त्यांनी स्वतःच काढली. खिळे गंजले होते, एकेक उपटायला संध्याकाळ गेली. खिडकी उघडल्यावर समोर टॉवर होता आणि त्याच्या कडेने मावळतीचा पट्टा. गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात मळमळायचं, लघवी केशरी व्हायची. "दर्शनाने आधीच सांगून ठेवलंय," ते नम्रताला म्हणाले, "नाहीतर घाबरलो असतो." ती रोज सकाळी खिडकीखालून जाताना वर बघायची. बुवा रिकामं पाकीट हलवून दाखवायचे.

पूजेच्या आदल्या आठवड्यात बाबुराव आपणहून सुंदराबाईंच्या दारात गेले. काय बोलले ते कुणी ऐकलं नाही, पण सव्वीस तारखेला सकाळी चाळीत केळ्या-वेलचीचा वास होता.

नम्रता म्हणाली होती, आता तुमच्याकडून कुणाला काही होण्यासारखं राहिलं नाही, चौकात तर खुशाल बसा. पण बुवांनी ठरवलं होतं की दोन महिन्यांनी पुन्हा डबी द्यायची, गुळण्यांच्या आधी, आणि तिचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय मुलांजवळ बसायचं नाही. ते दुसऱ्या मजल्यावर आपल्या दारासमोर कठड्याशी खुर्ची टाकून बसले. मास्क होताच. कमल शेजारी बसली.

खाली सतरंजीवर अकरा मुलं बसली. पेटीवर दुसऱ्या चाळीतला एक जण आला होता. अभय पखवाजाला बसला. त्याची आई त्याच्या मागेच उभी होती, हातात पाण्याची बाटली घेऊन. पुढच्या रांगेत कमिटीची माणसं, निलेश, सुंदराबाई.

दर्शनाने पहिला अभंग उचलला तो थोडा घाईत. आवाज बारीक होता, दम पुरत नव्हता, पण सूर जागेवर होता. बुवा बोटांनी कठड्यावर ठेका धरून होते. दुसऱ्या कडव्याला अभयचा हात पुढे पळाला. दर्शना गोंधळली, कोरस एकीकडे आणि ठेका दुसरीकडे जाऊ लागला. तिने मान वर केली आणि गॅलरीत कुणाला तरी शोधू लागली. बुवा उठून उभे राहिले. तिच्यासमोर बापाची खुर्ची होती, त्याच्या डोक्याआडून तिला वरचं दिसत नव्हतं. ती एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे.

निलेशने मागे वळून वर बघितलं. बुवांची आणि त्याची नजरानजर झाली. त्या चौकातल्या रविवारनंतर ही पहिलीच. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग तो उठला, आपली खुर्ची उचलली आणि हातभर बाजूला सरकवून बसला.

बुवांनी हात उंच केला आणि सावकाश, अगदी पहिल्या दिवशी शिकवला होता तसा, ठेका दाखवू लागले.